पहिला जुना रिसीव्हर घेताना

स्टिरिओ रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच सेटमध्ये. विकणाऱ्याने 'रिस्टोअर केलाय' (दुरुस्त करून नव्यासारखा केलाय) म्हटलं की लगेच पैसे काढू नका. नेमकं काय बदललं ते विचारा. पुसपास करून डायलचे दिवे बदललेला सेटही त्याच नावाने विकला जातो. पॉवर सप्लायचे कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) बदललेत का, एवढं तरी कळायला हवं.

मागची पट्टी वाचा. अमेरिकेतला सेट 120 व्होल्टचा असतो. आपल्या 230 वर थेट लावलात तर जळेल. (माझा पहिला असाच गेला.) 230 चे 120 करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल.

अर्धा तास वाजवून ऐका. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, बहुधा सफाईने जाते. एक चॅनल (डाव्या किंवा उजव्या बाजूचा आवाज) मधूनच गायब होत असेल तर मात्र पहिल्यांदा नकोच.

वॅटच्या मागे धावू नका. पायोनियर एसएक्स-780 या जुन्या रिसीव्हरचे चॅनलला 45 वॅट हॉलला पुरून उरतात.