आधी नाडी मोजा, मग ताट वाढा

प्रश्न : ताई, माझी मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला आहे. जूनपासून सोमवार, चतुर्थी, एकादशी करत करत आता आठवड्यातले चार दिवस उपवास. पहाटे पर्वती दोनदा चढून उतरते. जेवली की लगेच बाथरूममध्ये, नळ मोठा सोडून. चार महिने पाळी नाही, आठ किलो वजन उतरलंय, तरी पोट सुटलंय म्हणते. परवा पुस्तकांच्या मागे कागदी रुमालात गुंडाळलेल्या पोळ्या सापडल्या. सासूबाई म्हणतात, ही थेरं आहेत, तूप-लाडू बळेच खाऊ घाल. माझं काही चुकलं का? – एक आई, सहकारनगर

उत्तर : तुमचं चुकलेलं नाही आणि ही थेरंही नाहीत. तुम्ही लिहिलंय ते सगळं ॲनोरेक्सिया या खाण्याच्या आजाराकडे बोट दाखवतं. थायरॉइड, टीबी वगैरे नाही ना, हे डॉक्टर तपासतीलच. पण लपवलेल्या पोळ्या आणि तो नळ थायरॉइडमुळे होत नाही.

आज संध्याकाळी एक काम करा. तिला पाच मिनिटं आडवं पडू द्या, मनगटावर बोटं ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. मग उभी करा आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. जागेपणी ठोके ५० च्या खाली असतील, उभं राहिल्यावर ३० पेक्षा जास्त वाढत असतील, किंवा तिला घेरी येत असेल, तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. ‘खेळाडूंची नाडी कमीच असते’ असं कुणी म्हणेल. चार महिने पाळी नसलेल्या मुलीच्या बाबतीत ते ऐकू नका. हाताच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे, कानाखाली गाल सुजल्यासारखे, दात झिजलेले, अंगावर बारीक लव, उकाड्यातही स्वेटर, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. जेवणानंतरचा तो मोठा नळ उलटीचा आवाज झाकायला असू शकतो, ती शंका तर स्पष्टच सांगा, कारण उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि त्याचा धोका थेट हृदयाला असतो.

तूप-लाडवांचा मारा मात्र आत्ता करू नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पायांवर सूज, धाप, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची खूण. म्हणून आधी रक्त आणि ईसीजी. नेहमीच्या ‘इलेक्ट्रोलाइट्स’मध्ये, म्हणजे रक्तातल्या क्षारांच्या तपासणीत, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम नसतात, ते वेगळे लिहून घ्या. खाणं वाढवण्याआधी बी-१ जीवनसत्त्व द्यायचं का, हेही विचारा. आणि रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नका. या आजारात ते बऱ्याचदा शेवटपर्यंत नॉर्मल येतात.

डॉक्टरांनी घरी ठेवायला हरकत नाही म्हटलं, तर काही महिने ताट तुमच्या हातात. काय आणि किती, हे तिने ठरवायचं नाही, स्वयंपाक करताना ओट्यापाशी तिने थांबायचं नाही. तीन जेवणं आणि मधे दोन-तीनदा खाणं, प्रमाण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ टप्प्याटप्प्याने वाढवतील. (वजन उतरवून देणारे आहारतज्ज्ञ नकोत, या आजाराची माहिती असलेले हवेत.) बाथरूमला जेवणाआधी जाऊन येऊ दे. जेवायला अर्धा तास, तुम्ही शेजारी, तुमचंही ताट वाढलेलं. ती पोळीचे नखाएवढे तुकडे करेल, भाजी ताटाच्या कडेला सारेल, वरणभात नुसता कालवत बसेल. आजार हाच आहे, त्यावर भाषण देऊ नका. ‘तुला जड जातंय, दिसतंय मला. पुढचा घास घे,’ एवढंच, शांतपणे, कितीही वेळा. नंतर तासभर सोबत बसा, पत्ते खेळा, मालिका बघा. रडेल, तुमच्यावर ओरडेल. ती भीती असते, उद्धटपणा नाही. तरी उलटी झालीच तर लगेच ब्रश नको, ॲसिडने मऊ झालेले दात घासले जातात. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरू दे.

घरातला वजनकाटा माळ्यावर टाका. वजन आठवड्यातून एकदा, दवाखान्यात, लघवी करून आल्यावर, पातळ कपड्यांत, तिची पाठ काट्याच्या आकड्यांकडे. आधी पोटभर पाणी पिऊन वजन वाढवण्याची युक्ती बरीच मुलं करतात, लक्ष असू द्या. पर्वती डॉक्टर सांगेपर्यंत बंद. घरी येणाऱ्यांना आधीच बजावून ठेवा : ‘तब्येत सुधारली हं’ असं म्हणायचं नाही. तिला ते ‘जाडी झालीस’ असंच ऐकू येतं.

जगणं नकोसं वाटतं का, हेही तिला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, पण असलेला बोलला जातो. उत्तर हो आलं तर एकटीला सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे.

उपवासांचं सासूबाईंवर सोपवा. आजारी माणसाला उपवास नसतो, हे त्यांच्याइतकं तिला दुसरं कुणी पटवू शकणार नाही. येत्या सोमवारी सकाळी त्यांनीच तिच्या शेजारी बसून पहिला घास घ्यावा.