टॉमला जेवायला कोण देतं?

पत्र थोडं कापून देतेय:

"ताई, मी इंदिरानगरला राहते, वय ६२, शाळेतून रिटायर झाले. मुलगा-सून दोघंही अंबडला कंपनीत, नातू सहा वर्षांचा, दिवसभर माझ्यापाशीच असतो. आणि माझी चिंगी, तिरंगी मांजर, चार वर्षांपूर्वी पार्किंगमधे स्कूटरच्या कव्हरखाली भिजून बसलेली सापडली होती. नातू रोज संध्याकाळी टॉम अँड जेरी लावतो आणि टॉमच्या डोक्यात तवा बसला की खदाखदा हसतो. मला ते ऐकवत नाही. जुनं कुठलंही कार्टून घ्या, मांजर म्हणजे दुष्ट, मूर्ख आणि मार खायला ठेवलेलं. परवा त्याने चिंगीजवळ जाऊन जोरात पाय आपटला, ती माळ्यावर जाऊन बसली ती रात्रीच उतरली. तेव्हापासून तिला मी मागच्या बाल्कनीत नेऊन, दार लावून खायला देते. कार्टून बंद केलं तर त्याने रडून घर डोक्यावर घेतलं, मधेच टॉमला जेवायला कोण देतं वगैरे काहीतरी विचारत होता, मी लक्ष दिलं नाही. शेवटी रिमोट तांदळाच्या डब्यात लपवला, तो सूनबाईला कुकर लावताना सापडला. अकरा दिवस झाले, ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. असली कार्टून्स मुलांना क्रूर बनवतात हे तिला कसं पटवून देऊ? – चिंगीची आई"

चिंगीची आई, तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी शंभर टक्के तुमच्या पार्टीत होते. मीपण मांजरवालीच. तीस वर्षं झाली, घरात एक तरी मांजर असतंच, आत्ता हे टाइप करतेय तर आमचा बोका लॅपटॉपच्या चार्जरवर बसलाय, कारण बाहेर नाशिकची थंडी आणि चार्जर गरम, हलवायला गेलं तर माझ्याकडेच असं बघतो जसं काही भाडं तो भरतो. आणि तुमचा जो राग आहे ना तो माझाही जुना आहे. कुत्रा म्हटलं की इमानी, उंदीर म्हटलं की गोड आणि चलाख, आणि मांजर? १९५० च्या सिंड्रेलातल्या मांजराचं नावच ल्युसिफर, म्हणजे डायरेक्ट सैतान, शेवटी त्याच्यावर कुत्रा सोडून त्याला खिडकीतून खाली पाडतात आणि थिएटरमधे सगळे खुश. सिल्व्हेस्टर या मांजराचं तर मला वाईटच वाटतं, १९४७ मधे त्याची आणि त्या पिवळ्या पाखराची, ट्वीटीची, पहिली जोडी जमली, तेव्हापासून उपाशी, एकदा त्याच्या पोटात तो घास टिकेल तर शपथ. त्या पहिल्याच कार्टूनला ऑस्कर मिळालं. टॉम-जेरीला तर सात. मार मांजराने खायचा आणि बाहुल्या कोणाच्या हातात, तर माणसांच्या.

तेव्हा तक्रार बरोबर आहे तुमची, मला पटवायची गरज नाही.

पण मग चहा टाकला आणि पत्र परत वाचलं, आणि एका ओळीवर अशी अडकले की चहा उतू गेला. टॉमला जेवायला कोण देतं. तुम्ही त्याला "वगैरे काहीतरी" म्हणून मोकळ्या झालात. अहो वगैरे काय! तुम्ही शाळेत शिकवलंय ना? सहा वर्षांचं पोर समोर तव्याने, हातोड्याने, सुरुंगाने धिंगाणा चाललाय तो बघतंय, आणि त्यातून त्याला दिसलं काय, तर हे मांजर जेवलंय की नाही. मी इतकी वर्षं मांजरवाली म्हणून मिरवते आणि मला हा प्रश्न कधी पडला नाही. खरं सांगते, लाज वाटली. आणि तुम्ही त्याच पोराला क्रूर म्हणताय, आणि कोणत्या मिनिटाला म्हणताय, तर ज्या मिनिटाला तो मांजराच्या पोटाची काळजी करत होता.

आणि प्रश्न साधा नाहीये बरं का. त्या कार्टूनचं सगळं यंत्रच त्या प्रश्नावर चालतं. पहिलं कार्टून १९४० चं, हॅना आणि बार्बेरा या दोघांचं, तेव्हा टॉमचं नाव टॉम पण नव्हतं, जॅस्पर होतं. त्यात घर सांभाळणारी बाई असते, आपल्याला तिचे फक्त पाय दिसतात. (ती बाई जशी रंगवलीय त्याबद्दल पुढे बरीच टीका झाली, आणि रास्त झाली, पण तो आजचा विषय नाही.) ती मांजराला सांगते, अजून एक वस्तू फोडलीस तर घराबाहेर. संपलं. आता उंदराला हे कळल्यावर तो काय करतो, तर काचसामान उचलतो आणि सोडून द्यायची धमकी देतो, आणि मग ते मांजर बिचारं ताटल्या झेलत धावतं, कारण एक जरी फुटली तरी छप्पर गेलं आणि जेवण गेलं. आपण त्याला मूर्ख म्हणून हसतो. तो मूर्ख नाहीये हो, त्याची नोकरी धोक्यात आहे! तुमचा मुलगा-सून कंपनीत आहेत, त्यांना विचारा, त्यांना लगेच कळेल. म्हणजे टॉमला जेवायला देते ती पायवाली बाई, आणि तेही काम दाखवलं तर. तुमच्या नातवाने नेमकी तिथेच बोट ठेवलंय.

हसतो म्हणून क्रूर, हे मला अजिबात पटत नाही. तवा बसला की टॉमचं तोंड तव्याच्या आकाराचं होतं आणि पुढच्या सेकंदाला परत गोल. हसू त्याचं येतं. त्याची ती प्रसिद्ध किंकाळी आहे ना, ती स्वतः विल्यम हॅनाने मारलेली, म्हणजे पगारी माणूस माइकसमोर उभं राहून ओरडलाय, मांजराच्या अंगाला कोणी बोट लावलेलं नाही. आपल्याच त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक करून सरकवल्या आणि त्यांची फिल्म केली होती, काड्या आपोआप पळतात म्हणून तेव्हाही लोक हसलेच असणार. पोरांना चित्र आणि चिंगी यातला फरक कळतो. मात्र चिंगी म्हणजे काय हे आधी कोणीतरी दाखवलेलं पाहिजे.

आणि खरं तर ज्यांनी ही मांजरं काढली त्यातले बरेच जण मांजराकडे नीट बघणारे होते असं माझं मत. १९५२ चं एक आहे, चक जोन्सचं, त्यात एक राक्षसासारखा बुलडॉग असतो आणि त्याच्या पाठीवर मांजराचं एवढंसं पिल्लू चढतं. चढून काय करतं? आधी गोल फिरतं, मग पुढच्या पायांनी त्याची पाठ मळतं, कणीक तिंबावी तसं, एक पाय, दुसरा पाय, नखं थोडी रुतवून, आणि त्या कुत्र्याच्या तोंडावर प्रत्येक नखाचा हिशोब दिसतो, आणि मग ते पिल्लू मुटकुळं करून झोपतं. चिंगी तुमच्या मांडीवर हेच करते ना? हे ज्याने काढलं त्याच्या मांडीला कधीतरी नखं लागलेली आहेत, मला कोणी सांगायला नको. आणि फेलिक्स बघा, १९१९ सालचा, या सगळ्यांचा आजोबा. अडचणीत सापडला की डोक्यावर प्रश्नचिन्ह उगवायचं, आणि हा पठ्ठ्या ते प्रश्नचिन्ह हातात काढून त्याचा आकडा करून वर चढायचा. १९२८ मधे अमेरिकेत टीव्हीच्या चाचण्या चालल्या होत्या तेव्हा कॅमेऱ्यासमोर फिरत्या थाळीवर ठेवलेला बाहुला याच फेलिक्सचा होता. म्हणजे टीव्हीत मांजर आपल्या आधी जाऊन बसलंय, तुम्ही रिमोट लपवून ते बाहेर निघणार नाही.

आता थोडं टोचणारं लिहिते, राग आला तरी चालेल. ट्वीटीच्या घरात एक आजी आहे. गोल चष्मा, अंबाडा, हातात छत्री. तिची माया सगळी पिवळ्या पिल्लावर, आणि मांजर दिसलं की छत्री घेऊन धावते, मागचा-पुढचा विचार नाही, हा आज काही न करता नुसता बसला होता का, भूक लागलीय का, काही नाही, धोपट! तुम्ही तीच आजी झालाय. तुमच्या घरी फक्त पिंजऱ्यात मांजर आहे आणि छत्री नातवाच्या डोक्यात. सहीसुद्धा बघा ना तुमची, चिंगीची आई. सहा वर्षं एका मुलाची आजी आहात, ते पत्राच्या शेवटी आठवलं नाही.

पाय आपटला ते चूक, तिथल्या तिथे ठणकावून सांगायचं, तुम्ही सांगितलं असणारच. पण त्यानंतर काय केलंत तर मांजर उचललं, बाल्कनीत नेलं आणि दार लावलं. मग मला सांगा, त्या पोराने मांजराला जेवताना कधी बघितलंय? वाटी कोण भरतं, चिंगी आधी वास घेते की सरळ तोंड घालते, खाऊन झालं की पंजा चाटून तोंड कसं पुसते, हे सगळं बंद दाराच्या पलीकडे. अलीकडे त्याच्याजवळ एकच मांजर उरलं, टीव्हीतलं. म्हणून तर तो त्याच्याबद्दल विचारतोय! त्याला खरंच माहीत नाहीये मांजराला जेवायला कोण देतं. त्याचं उत्तर तुम्ही होतात, हातात वाटी घेऊन, आणि त्याच्या नाकासमोर कडी लावलीत.

तर सूनबाईला काहीही पटवून द्यायचं नाहीये. तो विषयच बंद. उद्या संध्याकाळी चिंगीची वाटी नातवाच्या हातात द्या. उद्याच, पुढच्या रविवारी नाही, परीक्षा झाल्यावर नाही.

बाल्कनीचं दार उघडं. जे काही तुम्ही देत असाल ते त्यालाच वाटीत काढू दे, सांडेल, सांडू दे. वाटी जमिनीवर ठेवायची आणि चार पावलं मागे येऊन खाली बसायचं, उभं नाही, कारण चिंगीच्या उंचीवरून आपण सगळेच विजेच्या खांबासारखे दिसतो. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, आणि बघितलंच तर डोळे हळू मिटायचे, हळू उघडायचे, हा खेळ पोरांना जाम आवडतो. हात लावायचा नाही, शेपटीला तर नाहीच. पहिल्या दिवशी ती येणार नाही. त्याने पाय आपटलेला तिच्या लक्षात आहे, मांजरं असल्या गोष्टी कानाला खडा लावून ठेवतात. नाही आली तर नाही आली, तुम्ही मधे पडून "ये गं माझी शोनी" करत तिला उचलून आणू नका, प्लीज. तुम्ही पण खाली बसा, त्याच्या बाजूला, गुडघे दुखत असतील तर पाट घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी ती येईल, शेपटी उभी करून, आणि तो तुमच्याकडे बघेल, तेव्हा काही बोलू नका.

एक फक्त सांगा त्याला. टॉमच्या पुढे ती दुधाची बशी असते ना, ते साफ खोटं. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. हे त्याला सांगितलंत की बघाच, पुढच्या वेळी दूध दिसलं की तोच टीव्हीकडे बोट दाखवून ओरडेल, आजी, टॉमचं पोट बिघडणार! तेव्हा तुम्ही शेजारी बसलेल्या पाहिजेत. चिंगीला पण घ्या मांडीवर, तिचं काही मत नसतं कार्टूनबद्दल.

आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर अकरा दिवस राहिलंय, ते आज रात्रीच देऊन टाका, गादीवर पडल्या पडल्या. त्या पायवाल्या बाईचं सांगा, ताटल्यांचं सांगा. तो अजून दहा प्रश्न विचारेल.

सूनबाई संध्याकाळी दमून येते, रिमोट बाहेर टेबलावर दिसला की तिचं तिला काय ते कळेल, तुम्ही भाषण देऊ नका. फक्त ठेवायच्या आधी ओल्या फडक्याने नीट पुसा, बटणांच्या फटीतून सुद्धा. तुमच्या तांदळाला बोरिक पावडर लावलेली असेल तर ती त्याच्या हाताला लागेल, आणि तो त्याच हाताने वाटी भरणार आहे.