‘म्वाना प्वो’ला मुखवटा म्हणावं की सोंग?

प्रश्न असा आहे: आफ्रिकेतल्या चोक्वे लोकांच्या कोरीव वस्तूंवर मराठीत लिहायचं आहे, तर चेहऱ्यावर चढवून नाचायच्या ‘म्वाना प्वो’ या स्त्रीरूपासाठी ‘मुखवटा’ पुरतो का, की मोखाडा-जव्हारकडच्या बोहाड्यातला, म्हणजे देवांचे मुखवटे घालून नाचायच्या आदिवासी उत्सवातला, ‘सोंग’ हा शब्द घ्यावा?

लाकडात कोरलेल्या वस्तूपुरतं विचारत असाल तर बेलाशक ‘मुखवटा’ म्हणा. हा शब्द फक्त चेहरा झाकण्याचा नाही. गौरीचा मुखवटा, खंडोबाचा मुखवटा म्हणतो तेव्हा त्यामागे कोणी लपलेलं नसतं, तिथे देवच असतो. ही छटा म्वाना प्वोला शोभते.

चोक्वे राहतात अंगोलाच्या ईशान्येला, लगतच्या काँगोत आणि झांबियात. त्यांच्या भाषेत ‘प्वो’ म्हणजे स्त्री आणि ‘म्वाना प्वो’ म्हणजे तरुण स्त्री. मुखवटा जवळून पाहावा असा आहे: खोल खोबण्यांत अर्धवट मिटलेले डोळे, कपाळावर ‘चिंगेल्येंगेल्ये’ हे क्रॉससारखं चिन्ह, डोळ्यांखाली अश्रूंच्या रेघा, तासून टोकदार केलेले दात आणि वर तंतूंची घट्ट विणलेली केशरचना. कोरणारा एखाद्या खऱ्या, देखण्या बाईचा चेहरा मनात धरून काम करतो. मुखवट्याच्या बदल्यात नाचणाऱ्याने कोरणाऱ्याला तांब्याची अंगठी देण्याची चाल नोंदलेली आहे. ती अंगठी म्हणजे वधूमूल्य. नाचणारा त्या मुखवट्याशी लग्नाच्या नात्याने बांधला जातो, आणि तो वारला की मुखवटाही त्याच्यासोबत पुरल्याची उदाहरणं आहेत. अशा वस्तूला नुसतं ‘शोभेची कलाकृती’ म्हणणं मला पटत नाही.

आता ‘सोंग’. मुखवटा, अंगभर विणलेला तंतूंचा पोशाख, कंबरेचा जड पट्टा, छोट्या पावलांचा नाच, हे सगळं मिळून जे रूप उभं राहतं त्याला चोक्वे ‘मुकिशी’ म्हणतात, अनेकवचनी ‘अकिशी’. झांबियात ‘मकिशी’ हे रूप जास्त कानावर पडतं. मुकिशी म्हणजे जिवंत माणसांच्या मदतीला परत आलेला पूर्वज किंवा आत्मा. बोहाड्यात देवाचं सोंग नाचतं तेव्हा तिथल्या माणसांच्या मनात भक्तीच असते, म्हणून हा शब्द जवळचा वाटणं साहजिक आहे. पण शहरी वाचकाला ‘सोंग’ म्हटलं की झोपेचं सोंग, आजाराचं सोंग आठवतं. मुकिशीच्या बाबतीत हा खोटेपणाचा वास अजिबात नको. म्हणून ‘मुकिशी’ तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे बोहाड्यातल्या सोंगाची आठवण करून द्यावी.

‘काष्ठमुखवटा’ हा शब्द मात्र सरसकट वापरू नका. मुलांच्या दीक्षेच्या वेळचे बरेच अकिशी काटक्यांच्या सांगाड्यावर झाडाच्या सालीचं कापड ताणून, वर राळ लावून करतात. ते काम झाल्यावर जाळून टाकतात, त्यामुळे संग्रहालयांत लाकडीच जास्त दिसतात आणि गैरसमज होतो. त्या दीक्षेला, म्हणजे ‘मुकांडा’ला, ‘मुंज’ म्हणण्याचा मोहही टाळावा. मुलांची सुंता होते, ती गावाबाहेरच्या तळावर महिनोन्महिने राहतात आणि मोठ्यांच्या जगाचं शिक्षण घेऊन परततात. ‘मुंज’ शब्दात यातलं फारसं काही मावत नाही.

राहिला लिंगाचा प्रश्न. मुखवटा चढवून नाचणारा पुरुष असतो. पोशाखाला लाकडी स्तन बांधतात, चाल बाईची असते, आणि पाहणारेही ‘प्वो’लाच पाहतात. तेव्हा वस्तूबद्दल ‘हा मुखवटा’, पण नाचाबद्दल लिहिताना ‘म्वाना प्वो आली, म्वाना प्वो नाचली’ असंच लिहावं. तिचा जोडीदार ‘चिहोंगो’ हा सत्तेचा आणि संपत्तीचा आत्मा. हनुवटीपासून आडव्या पसरलेल्या तबकासारख्या दाढीवरून तो ओळखू येतो. तो अर्थातच ‘आला, नाचला’.