औषध नॅनोकणांत भरून ते कण पुन्हा जेलमध्ये का मिसळतात? नुसतं जेल पुरत नाही का?

बऱ्याच औषधांना नुसतं जेल पुरतं. अडचण येते ती लहान रेणूंची. जेलच्या जाळीतली छिद्रं बहुधा ५ ते १०० नॅनोमीटरची, आणि असा रेणू जेमतेम एक नॅनोमीटरचा. तो काही तासांतच निसटतो. शिवाय जेलमध्ये मुख्यतः पाणीच, त्यामुळे पाण्यात न विरघळणारं औषध त्यात नीट मिसळतच नाही.

लायपोसोम, म्हणजे चरबीच्या पडद्याचा पोकळ नॅनोकण, असं औषध आपल्या पडद्यात सामावून घेतो, पण लायपोसोमचं द्रावण पाण्यासारखं पातळ. त्वचेवर लावलं की ओघळतं, डोळ्यात घातलं तर पापण्यांच्या थोड्याशा उघडझापीत वाहून जातं.

दोन्ही एकत्र आणले की औषधाला दोन उंबरठे ओलांडावे लागतात, आधी कणाचा आणि मग जाळीचा. सुरुवातीलाच भसकन औषध सुटण्याचा धोका त्यामुळे बराच कमी होतो. जेल बनवणाऱ्या पदार्थांतलं मला सगळ्यात आवडतं ते पोलोक्झामर ४०७ हे पॉलिमर. पाण्यात साधारण २० टक्के घेतलं तर फ्रिजमध्ये ते पातळ राहतं आणि अंगाच्या उष्णतेने घट्ट होतं, म्हणजे सुईतून सहज जातं नि आत जागीच बसतं.

प्रयोग करणार असाल तर कार्बोपोल (जेल बनवणारी एक पावडर) आधी पाण्यात पूर्ण फुगू द्या, ट्रायइथेनॉलअमाइन या अल्कलीने सामू (pH) ६ ते ७ वर आणा आणि मगच कण हलक्या हाताने मिसळा. जोरात घोटलं तर बुडबुडे अडकतात, ते काढता काढता जीव जातो. कणांचा आकार मात्र मिसळण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजाच. जेलमध्ये कण फुटले किंवा एकमेकांना चिकटले, तर उरतं ते साधं जेलच.