धाग्याचे सोळा तुकडे की सोळा पदर?

प्रश्न असा आलाय: चीनमधल्या सुझौच्या रेशमी भरतकामावरचा मजकूर मराठीत आणताना 'धागा चिरून त्याचे १६ तुकडे करतात' असं वाक्य झालं आणि ते खटकतंय. 'तुकडे'ऐवजी काय लिहावं? आणि दोन्ही बाजूंनी पाहता येणाऱ्या भरतकामाला मराठीत शब्द आहे का?

खटकतंय ते बरोबरच आहे. तुकडा आडवा पडतो. धाग्याचे तुकडे म्हटलं की कात्री आली आणि हातात बोटबोटभर दोरे उरले. इथे धागा लांबीला तेवढाच राहतो, जाडीला कमी होतो. त्याला आपण पदर म्हणतो. शिवणाच्या तासाला बाई सांगायच्या, "सहापदरी आहे, दोनच पदर घ्या." मग लडीतून हातभर दोरा कापायचा, टोकाशी एकच पदर चिमटीत धरून सरळ वर ओढायचा. बाकीचे पाच खाली चुरगळून गोळा होतात आणि तो सुटला की पुन्हा सरळ होतात. घाईने दोन एकदम ओढले की गुंता ठरलेला.

सुझौचं काम याच जातीचं, फक्त फार पुढचं. तिथल्या रेशमी धाग्यात दोन पदर एकमेकांवर पिळलेले असतात. धागा चिमटीत उलटा फिरवून पीळ उकलायचा, दोन पदर वेगळे करायचे आणि मग त्या प्रत्येकाचे आठ. या सोळाव्या भागाला चिनीत 'स्स' म्हणतात, आणि रेशमालाही तोच शब्द. तेव्हा 'पीळ उकलून धाग्याचे १६ पदर सुटे करतात' असं लिहा. 'तंतू' मात्र इथे खर्च करू नका. कोशातून (अळीच्या, शब्दांच्या नव्हे) निघतो तो तंतू. असे कित्येक तंतू मिळून धागा होतो, आणि मजकुरात पुढे त्यांचा उल्लेख आला तर शब्द शिल्लक हवा.

एवढा खटाटोप कशासाठी, तर छटांसाठी. सोनमाशाची शेपटी पाण्यात विरघळल्यासारखी दिसायला हवी, तिथे अख्खा धागा दोरखंडासारखा दिसतो. बारीक पदराचे लांब-आखूड टाके एकमेकांत घातले की एक रंग कुठे संपला ते कळत नाही. शेन शौ (१८७४-१९२१) या सुझौच्या कारागीर बाईंनी इटलीच्या राणीचं व्यक्तिचित्र असंच भरलं आणि ते १९११ मध्ये तुरीनच्या प्रदर्शनात गेलं. 'शौ' म्हणजे दीर्घायुष्य. १९०४ मध्ये सम्राज्ञी त्सशीच्या सत्तरीनिमित्त त्यांचं भरतकाम दरबारात गेलं, तेव्हा तिने हे अक्षर लिहून दिलं आणि बाईंनी तेच नाव घेतलं. आयुष्य मात्र पन्नाशीच्याही आतलं निघालं.

दुसऱ्या प्रश्नाला माझं मत 'दोरुखा'. हिमाचलातल्या चंबा रुमालाच्या कामाला हा शब्द रुळलेला आहे. 'द्विपार्श्वी' म्हटलं की दवाखान्याचा अहवाल वाचल्यासारखं वाटतं. 'उलटसुलट सारखं' हे ऐकायला छान, पण पुरत नाही, कारण सुझौत पुढून एका रंगाचं आणि मागून दुसऱ्याच रंगाचं मांजरही भरतात. दोरुख्यात तेही बसतं. एरवी आपण गाठ मारून सुरुवात करतो आणि मागची बाजू कुणाला दाखवत नाही. इथे गाठच नसते. धाग्याचं टोक टाक्यांखाली दडवतात आणि सुई अगदी उभी घालतात, म्हणजे मागचा टाका फाटत नाही. धारवाडकडच्या कसुती भरतकामातही गाठ मारत नाहीत, हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको.

जाता जाता 'भरतकाम' शब्दाबद्दल. आपला शब्द भरण्यावरून, 'कशिदा' फारसीतल्या ओढण्यावरून, तर चिनी 'त्सश्यू'मधला 'त्स' म्हणजे टोचणं. हुबेई प्रांतात माशान इथे १९८२ मध्ये उघडलेल्या थडग्यात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची भरलेली रेशमी वस्त्रं मिळाली. त्यांवरचे ड्रॅगन, पक्षी, वाघ साखळी टाक्याचे आहेत. तुमच्या मजकुरात ती आली तर टाक्याचं नाव आवर्जून द्या, नाहीतर वाचक सपाट, भरीव टाकाच डोळ्यांपुढे आणेल.

आणि एक अडचण आधीच सांगून ठेवतो. पारशी व्यापाऱ्यांनी कँटनहून मुंबईत आणलेल्या गाऱ्याच्या, म्हणजे चिनी रेशमी भरतकामाच्या, साड्यांपर्यंत मजकूर पोचला, की 'पदरावर एका पदराने भरलेले पक्षी' असं काहीतरी होऊन बसेल. तिथे साडीचा पदर ठेवा आणि रेशमाला 'एकेरी' म्हणा.