ऑफिसमधील इंग्रजी वाक्प्रचार समजत नाहीत. ते कसे शिकावेत?

परदेशी सहकारी मीटिंगमध्ये बोलत असताना प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही अर्थ हाती लागत नाही, असे आपण लिहिले आहे. मी पुण्यात अनेक वर्षे अमेरिकी आणि ब्रिटिश ग्राहकांसाठी काम करतो. वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा बोलणारा कोणत्या देशाचा आहे आणि त्याच्या बोलण्यानंतर आपल्याकडून नेमके कोणते काम अपेक्षित आहे, या दोन गोष्टींकडे लक्ष दिल्यास बराचसा गुंता सुटतो, असे माझे मत आहे.

अमेरिकी कार्यालयीन भाषेत बेसबॉलचे शब्द भरपूर आहेत आणि तो खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही, ही मूळ अडचण आहे. ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात बोलून घेणे, ‘कर्व्हबॉल’ म्हणजे ध्यानीमनी नसताना आलेली अडचण. (ब्रिटिश माणूस अवघड परिस्थितीला क्रिकेटमधला ‘स्टिकी विकेट’ हा शब्द वापरतो, तेव्हा मात्र आपल्याला फोड करून सांगावी लागत नाही.) सर्वांत जपून हाताळावा असा शब्द मात्र ‘बॉलपार्क फिगर’ हा होय. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचे मैदान, म्हणून ही मागणी ढोबळ अंदाजाची असते. तरीही ‘सहा दिवस’ असे एकच उत्तर देऊ नये, कारण तो आकडा तासाभरात कोणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये जाऊन बसतो आणि पुढच्या आठवड्यात तेच आपले आश्वासन ठरते. ‘पाच ते आठ दिवस, टेस्टिंग वगळून’ असे सांगावे आणि लगेच ईमेलनेही कळवावे.

देश लक्षात घेण्याचे कारण ‘टेबल’ या क्रियापदात दिसते. ब्रिटिश माणसासाठी विषय ‘टेबल’ करणे म्हणजे तो चर्चेला घेणे, तर अमेरिकी माणसासाठी तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांमध्ये याच शब्दावरून बराच वेळ वाद झाला आणि प्रत्यक्षात दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, असे चर्चिल यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. ब्रिटिशांच्या सौजन्याचेही असेच आहे: ‘विथ रिस्पेक्ट’ने वाक्य सुरू झाले की पुढे बहुधा मतभेद येतो, आणि ‘नॉट बॅड’ ही अनेकदा चक्क शाबासकी असते.

‘लेट्स टेक इट ऑफलाइन’ याचा इंटरनेटशी संबंध नाही. हा विषय मीटिंगनंतर संबंधितांनीच बोलावा, एवढेच त्यात सांगितलेले असते. ‘बँडविड्थ’ म्हणजे हाताशी असलेला वेळ.

अर्थ न कळल्यास शब्दाचा अर्थ विचारू नये, काम विचारावे: ‘सो, आय सेंड द रिव्हाइज्ड प्लॅन बाय थर्सडे, राइट?’ असे म्हटले की समोरचा होकार देतो किंवा दुरुस्ती करतो, आणि आपले अज्ञानही उघडे पडत नाही. ‘एंड ऑफ डे’ म्हटले गेल्यास कोणाच्या घड्याळाप्रमाणे, हे अवश्य विचारावे, कारण न्यूयॉर्कमधील संध्याकाळचे 5 म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी पहाटेचे 3.30 आणि उन्हाळ्यात रात्रीचे 2.30 असतात.

ही अडचण उलट दिशेनेही असते. आपले ‘डू द नीडफुल’ अनेक अमेरिकी वाचकांना कोड्यात टाकते, आणि ‘प्रीपोन’ हा शब्द कित्येकांनी ऐकलेलाही नसतो. त्यामुळे मीटिंग अलीकडे घ्यायची असल्यास नवी तारीख आणि वेळ सरळ लिहून कळवावी.