आत जाऊन मोकळं व्हावं, असं मलाही वाटलं होतं

ताई, तुम्ही लिहिलंत, मारामारीच्या केसात जेलऐवजी बंधपत्रावर (चांगलं वागायच्या लेखी हमीवर) सुटायची वाट असूनही तुमची जाऊ म्हणते, "ते बंधपत्र नको, तीन महिने आत काढते अन् सुटते", ते वाचून माझेच शब्द आठवले. माझं भांडण धुऱ्यावरून झालं होतं, हातात विळा होता, जुन्या दंड संहितेचं कलम 324 (हत्याराने दुखापत) लागलं. कोर्टाने परिवीक्षेवर, म्हणजे जेलात न धाडता देखरेखीखाली, सोडलं: 2 वर्षं बंधपत्र, दर महिन्याला परिवीक्षा अधिकाऱ्याकडे हजेरी.

अटकेनंतर 11 दिवस अमरावतीच्या जेलात होते. तिथल्या बाया म्हणायच्या, आत निदान कोणी तोंडाकडे पाहत नाही. खरंच आहे. बाहेर अख्खं गाव पाहतं. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं, वेचणीला गेलं की शेजारची पाथ कोणी धरेना. पण धाकटी 4 वर्षांची होती. सहापर्यंतचं लेकरू आत सोबत ठेवू देतात, मोठ्याचं काय केलं असतं? म्हणून बाहेरचं घेतलं.

माझी खरी चूक पुढे झाली. हजेरीची पोच घेतली नाही. मजुरी बुडवून एसटीने जायची, बाबू म्हणायचा, "साहेब दौऱ्यावर हायत, झालं तुमचं, जा." मी जायची. वही कधी पुढे आलीच नाही. आठ महिन्यांनी साहेब बदलले, रजिस्टरात माझ्या सह्या तीन! कोर्टाची नोटीस आली, अटी मोडल्या म्हणून. पिशवीच्या तळाशी तिकिटं सापडली, त्यांवरची शाई उडालेली. परिवीक्षा कायद्याच्या कलम 9 खाली मूळ गुन्ह्याची शिक्षाही देता येते, पहिल्या वेळी नुसता 50 रुपयांपर्यंत दंडही चालतो. मला 50 च लागले. पण तीन तारखा अन् वकिलाच्या पैशात दोन शेळ्या गेल्या. त्या ऑफिसातल्या कोणाला काही झालं नाही. असो.

वकिलाला पैसे देऊ नका, मला उशिरा कळलं. बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, 15100 वर फोन करा. नव्या कायद्यातली (भारतीय न्याय संहितेतली) सामाजिक सेवेची शिक्षा मारामारीला नाही, त्या आशेवर राहू नका. कोर्टाच्या आदेशाची नक्कल जपा. पुढे अंगणवाडीचा वगैरे अर्ज भरायचा झाला तर त्याच परिवीक्षा कायद्याचं कलम 12 दाखवता येईल, परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषी ठरल्यामुळे अपात्र धरत नाहीत असं त्यात आहे. मी वकील नाही, हे माझ्यापुरतं सांगतेय, तुमच्या वकिलाला विचाराच.

अन् जावेला सांगा, दर महिन्याला हजर असल्याचा अर्ज दोन प्रतींत न्यायचा, दुसरीवर शिक्का घ्यायचा. बाबू चिडला तर चिडू द्या.